घेणाऱ्याने जपावे : एका लॅटिन सूत्राची कुळकथा

पुण्याच्या मंडईत सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहावे आणि नुसते पाहावे. कोणी भेंडीचे टोक मोडून पाहत असतो, कोणी कलिंगडाला टिचकी मारून कान लावतो, कोणी आंब्याच्या पेटीतला वरचा थर बाजूला सारून खालचा आंबा काढू पाहतो. गाळ्यावर बसलेली मावशी हे सगळे मुकाट्याने बघत असते. तिसरी भेंडी मोडली की मात्र, "घ्यायची असेल तर मोडा," असे बजावते. तेथून बाहेर पडून लक्ष्मी रस्त्याने चालू लागावे. दुकानादुकानांतून एक पाटी दिसते : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पुणेरी पाट्यांची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे; परंतु ही पाटी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. तिच्यामागे एक फार जुना प्रश्न उभा आहे. माल वाईट निघाला तर दोष कोणाचा? नीट न पाहता घेणाऱ्याचा, की ठाऊक असून न सांगणाऱ्याचा?

कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दोन लॅटिन शब्दांत दिलेले असते : ‘कॅव्हिएट एम्प्टॉर’. एम्प्टॉर म्हणजे विकत घेणारा. कॅव्हिएट म्हणजे त्याने जपावे, सावध असावे. लॅटिन भाषेचा दरारा असा आहे की, हे सूत्र कानावर पडताच रोमच्या न्यायपंडितांनी सांगून ठेवलेले हे सनातन शहाणपण असावे असे ऐकणाऱ्यास वाटते, आणि तो मान डोलावतो. ही समजूत खरी नाही असे आम्हांला येथे दाखवायचे आहे. सूत्राची भाषा रोमची आहे, पण सूत्र रोमचे नाही. ते कोठे जन्मले, आपल्या मंडईपर्यंत कसे आले आणि येथे आल्यावर त्याचे काय झाले, ही कथा ऐकण्यासारखी आहे. कारण तिच्यात आपल्या रोजच्या पिशवीचा आणि पैशाचा संबंध आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘एम्प्टॉर’ हा ‘एमेरे’ या क्रियापदापासून झाला. रोमच्या भरभराटीच्या काळात एमेरे म्हणजे विकत घेणे. परंतु त्याहून जुना अर्थ नुसता ‘घेणे’ असा होता, आणि रोमन कोशकारांनीही तो नोंदवून ठेवला आहे. त्या जुन्या अर्थाच्या खुणा इंग्रजीतून आपल्यापर्यंत आल्या आहेत. गहाण टाकलेली वस्तू सोडवून परत घेणे याला ‘रिडीम’ करणे म्हणतात. इतरांच्या आधी घेण्याचा जो हक्क, आपल्याकडचा हक्कशफा, त्याला ‘प्री-एम्प्शन’ म्हणतात. आणि विम्याचा ‘प्रीमियम’ हाही याच कुळातला आहे.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपण "भाजी घेतली" म्हणतो तेव्हा ‘विकत’ हा शब्द बहुधा गाळूनच टाकतो. गिऱ्हाईक म्हणजे ग्राहक, आणि ग्राहक हा ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, धरणे या धातूपासून आलेला. आपले ‘घेणे’ हेही त्याच धातूचे प्राकृत रूप. खरेदीखत उघडून पाहावे, तर तेथे दोन पक्ष असतात : एक ‘लिहून देणार’ आणि दुसरा ‘लिहून घेणार’. रोमन भाषेतला एम्प्टॉर आणि आपल्या खरेदीखतातला लिहून घेणार यांच्या शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. विकत घेणारा म्हणजे हात पुढे करून घेणारा.

प्राचीन रोममध्ये हा हात खरोखरच पुढे करावा लागे. जमीन, गुलाम, बैल, घोडा अशा मोलाच्या वस्तूंच्या विक्रीचा एक विधी होता. पाच साक्षीदार आणि हातात तराजू धरलेला सहावा मनुष्य यांच्यासमोर घेणारा त्या वस्तूला हात घाली, ती आपली झाली असे ठरावीक शब्दांत उच्चारी आणि काशाचा तुकडा तराजूवर वाजवून विकणाऱ्याला देई. नाणी प्रचारात येण्यापूर्वी धातू तोलून किंमत देत, त्या काळाची ही आठवण. या विधीत बोलतो तो घेणारा; विकणारा गप्प असतो. परंतु त्याच्या त्या गप्प राहण्यालाही अर्थ होता. पुढे एखाद्या तिऱ्हाइताने ‘वस्तू माझी आहे’ असा दावा लावून ती सोडवून नेली, तर विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागे. आपल्या खरेदीखतातही ‘कोणी हिलाहरकत केल्यास ती लिहून देणार यांनी निवारावी’ अशा अर्थाचे कलम असते. तात्पर्य, व्यवहाराला सुरुवातीपासून दोन बाजू होत्या : घेणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याची जबाबदारी.

मालकीबद्दलचे हे झाले. मालाच्या गुणदोषांचे काय? रोमच्या बाजारावर ‘एडाइल’ नावाचे अधिकारी नेमलेले असत. रस्ते, बाजार, वजनेमापे ही त्यांची खाती. आपल्याकडच्या कोतवालाची आठवण व्हावी अशी. गुलामांचे आणि जनावरांचे व्यापारी त्या काळीही लबाडीबद्दल प्रसिद्ध होते. म्हणून एडाइलांनी जाहीरनामा काढला की, जनावरात किंवा गुलामात रोग अथवा खोड असेल तर ती विकणाऱ्याने उघड सांगितली पाहिजे. न सांगितल्यास घेणाऱ्याला सहा महिन्यांच्या आत माल परत करून पैसे मागता येत, किंवा वर्षाच्या आत दोषाच्या मानाने किंमत कमी करून मागता येई. ‘मला ठाऊकच नव्हते’ ही सबब विकणाऱ्याला चालत नसे. पुढे सम्राट जस्टिनियनच्या काळापर्यंत, म्हणजे सहाव्या शतकापर्यंत, हा नियम सर्व प्रकारच्या मालाला लागू झाला होता. माणसांनाही ‘माल’ समजणारा तो काळ होता हे आपण विसरू नये. पण बाजाराच्या नियमापुरते पाहिले तर तो नियम ‘घेणाऱ्याने जपावे’ असा नसून ‘विकणाऱ्याने सांगावे’ असा होता.

हा प्रश्न रोममध्ये केवळ वकिलांचा नव्हता. सिसेरोने इ. स. पूर्वी ४४ साली कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात दोन उदाहरणे घेतली आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरोचा निर्णय असा की, स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या अज्ञानाचा उपयोग करून घेणे हे सचोटीच्या माणसाचे काम नव्हे.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष घडलेले आहे. रोममधल्या एका टेकडीवरचे एक घर शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीआड येत होते, म्हणून त्याचा उंच भाग पाडावा असा हुकूम त्यांनी मालकाला दिला. मालकाने हुकमाविषयी चकार शब्द न काढता घर विकून टाकले. घेणाऱ्याला मग ते पाडावे लागले. खटला मार्कस काटो याच्यापुढे गेला. त्याने निकाल दिला की, दोष ठाऊक असून विकणाऱ्याने तो सांगितला नाही, तेव्हा नुकसान त्यानेच भरून द्यावे. ज्या नगरीच्या नावावर ‘घेणाऱ्याने जपावे’ हे सूत्र खपवले जाते, तिचा न्याय असा होता.

‘कॅव्हिएट’ या शब्दाचाही येथेच उलगडा केलेला बरा. ‘कॅव्हेरे’ म्हणजे सावध राहणे हे खरे. पण रोमन कायदेपंडितांच्या बोलीत त्याला आणखी एक अर्थ होता : करारात तरतूद करून ठेवणे, समोरच्याकडून हमी घेणे. ‘आपल्याला न कळवता हुकूम होऊ नये’ म्हणून आपल्या न्यायालयांत आजही जे ‘कॅव्हेट’ दाखल करतात, ते याच शब्दाचे. हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवावा; शेवटी तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता आपल्याकडे वळू. धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाचे एक स्वतंत्र पद आहे. त्याला ‘अनुशय’ म्हणतात. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९४६ साली प्रसिद्ध केला, त्यात या विषयाचा ऊहापोह आहे. नारदाचा नियम आरंभी एम्प्टॉरच्या सूत्रासारखाच वाटतो. घेणाऱ्याने माल आधी स्वतः पारखावा. एकदा पारखून पसंत केलेला माल मागाहून परत करता येणार नाही. परंतु तो तेथे थांबत नाही. न पारखता घेतलेला माल त्याच दिवशी, जसाच्या तसा, परत करता येतो. दुसऱ्या दिवशी परत केला तर किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर मात्र तो घेणाऱ्याचाच. शिवाय एक चांगला माल दाखवून दुसरा सदोष माल देणाऱ्याला दुप्पट किंमत भरावी लागे आणि वर दंडही होई.

याज्ञवल्क्याने तर पारखण्याच्या मुदतीच ठरवून दिल्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. (दासदासींसाठीही त्याने मुदती दिल्या आहेत, रोमचा कलंक आपल्या शास्त्रांनाही चुकलेला नाही.) या आकड्यांकडे नीट पाहिले म्हणजे त्यांतले व्यवहारज्ञान दिसते. लोखंडाचा दोष एका दिवसात कळतो, गाईचे दूध तीन दिवसांत कळते. पण बी पेरून उगवण पाहिल्याखेरीज शेतकऱ्याला काय कळणार? म्हणून त्याला दहा दिवस. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीस लिहिली गेली आणि महाराष्ट्रात तिला मोठे प्रामाण्य लाभले. कौटिल्यानेही व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गोपालकांना पाच रात्री, अशा पश्चात्तापाच्या मुदती दिल्या आहेत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लक्ष्मी रस्त्यावरची जुनी रहिवासी असेल. पण आपल्या शास्त्रांत तिला आधार नाही.

मग हे सूत्र आले कोठून? ते आले इंग्लंडातल्या घोड्यांच्या बाजारातून. सोळाव्या शतकात शेतीवर लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ते प्रथम छापलेले आढळते. घोडा माणसाळलेला असेल, त्यावर स्वारी झालेली असेल, तर मग ‘कॅव्हिएट एम्प्टॉर’, अशा आशयाचे ते वाक्य आहे. जनावर समोर उभे आहे, बसून पाहा, दात मोजा. मागाहून तक्रार नको. जत्रेतल्या या शहाणपणाला न्यायालयाने लवकरच उच्चासन दिले. १६०३ साली निकालात निघालेला एक खटला प्रसिद्ध आहे. एका सोनाराने एक खडा ‘बेझोअर’ म्हणून शंभर पौंडांस विकला. बेझोअर म्हणजे काही प्राण्यांच्या पोटात सापडणारा आणि विषावर उतारा समजला जाणारा खडा. मूळ फारसी शब्द पादजहर. तो खडा बेझोअर नव्हता. परंतु सोनाराने तसे नुसते ‘म्हटले’ होते, ‘हमी’ दिली नव्हती, या मुद्द्यावर घेणारा हरला.

हेच तत्त्व एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. १८७८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डुकरांच्या विक्रीचा एक दावा गेला. डुकरे रोगी होती. विकणाऱ्याने ती उघड्या बाजारात, ‘असतील त्या दोषांसह’ या शर्तीवर विकली. ती मेली, आणि घेणाऱ्याच्या इतर डुकरांनाही रोग लागला. लॉर्डांनी विकणाऱ्याला मोकळे सोडले. रोमचे एडाइल त्या बाजारात असते तर निकाल उलट लागला असता! येथेच या कथेतला विनोद आहे. इंग्रज न्यायाधीशांनी आपल्या व्यापारी धोरणाला रोमचा अंगरखा चढवला आणि रोमने जे कधी म्हटले नव्हते ते रोमच्या तोंडी घातले.

या अंगरख्यासह सूत्र हिंदुस्थानात आले. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम उघडून पाहावे. लबाडी कशाला म्हणावे हे सांगताना त्याखाली घोड्याचेच दृष्टान्त दिले आहेत. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही लबाडी नव्हे. दुसरा दृष्टान्त : ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसरा : ब म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन." अ गप्प राहतो. येथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाईल. आणि चौथा : दोघेही व्यापारी, भाव बदलल्याची खासगी बातमी अ जवळ आहे. ती ब ला सांगण्यास तो बांधलेला नाही. ऱ्होड्सच्या धान्याबद्दल सिसेरोने जो निर्णय दिला होता, त्याच्या नेमके उलट हे कलम आहे.

तरीही दहाच वर्षांनी, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात, पंचावन्नाव्या कलमाने घर किंवा जमीन विकणाऱ्यावर मोठे बंधन घातले. मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडण्यासारखा नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. काटोचा निकाल जवळजवळ दोन हजार वर्षांनी आपल्या कायद्यात उतरला म्हणावा! आणि १९३० च्या माल-विक्रीच्या कायद्यात सोळाव्या कलमाची सुरुवात एम्प्टॉरच्या सूत्राने झाली असली, तरी पुढे लगेच अपवाद आहेत. कशासाठी माल हवा हे घेणाऱ्याने सांगितले आणि विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. वर्णनावरून घेतला, तर तो बाजारात खपण्याजोगा असला पाहिजे. मात्र घेणाऱ्याने तपासून घेतला असल्यास, तपासणीत सहज दिसले असते अशा दोषाबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. नमुना दाखवून विकला, तर सारा माल नमुन्याबरहुकूम हवा. घोड्यांच्या बाजारातले सूत्र आता एका अरुंद पट्टीवर उभे राहिले : जे डोळ्याला दिसते तेथे घेणाऱ्याने जपावे, जेथे डोळा संपतो तेथे विकणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

हा नियम घेऊन आपण मंडईत परत येऊ. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. शुक्रवार पेठेतली ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला ज्यांनी विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते; हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे. पुढे याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. इतिहासाची ही गंमत आहेच. पण जोतीरावांच्या विरोधात आमच्या विषयाचाही एक धागा आहे. बाजारात नाडला जाणारा नेहमी घेणारा असतो असे नाही, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या काळी थोड्यांनीच पाहिले. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, गाडी भरून माल शहरात आणणारा शेतकरी जकात आणि मध्यस्थ यांच्या तावडीतून रिकाम्या हाताने घरी जातो, हे चित्र त्यांनी उभे केले आहे.

मंडईतली एक जुडी मेथी घरी येण्याआधी दोन-तीनदा विकली जाते. शेतकऱ्याकडून अडत्यामार्फत व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गाळेवाल्याकडे, गाळेवाल्याकडून आपल्याकडे. शेवटच्या विक्रीत दुबळा असतो तो एम्प्टॉर, म्हणजे आपण. परंतु पहिल्या विक्रीत एम्प्टॉर हाच बलवान असतो. शेतकऱ्याला आपल्या मालाचा गुण ठाऊक असतो. त्याला ठाऊक नसतो तो भाव. दुपारी भाजी सुकणार, संध्याकाळी गाडी परत न्यायची, अशा घाईत तो उभा असतो. घाऊक बाजारांतून ‘हत्ता’ नावाची पद्धत होती : रुमालाखाली दोघांनी हात धरायचे आणि बोटे दाबून भाव ठरवायचा. ज्याचा माल त्यालाच आपल्या मालाचा भाव दिसत नसे. रोमन विधीत घेणारा सर्वांसमक्ष हात पुढे करी. येथे तोच हात रुमालाखाली गेला होता. त्यावर कडता, तोलाई, हमाली आणि मारलेली दांडी.

येथे ‘विकणाऱ्याने जपावे’ असे म्हणून भागणार नव्हते. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ सालीच, म्हणजे मंडई उघडली त्याच वर्षी, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडसाठी तसा कायदाच झाला. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा. उघडा लिलाव, खरा काटा आणि लेखी हिशेब हे या साऱ्या खटाटोपाचे सार आहे. पुण्याचा घाऊक बाजार पुढे मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. हे सर्व कायदे पाळले जातात की नाही, हे शेतकऱ्यालाच विचारावे. पण कायद्याची दिशा समजून घेण्यासारखी आहे. झाकलेली गोष्ट गुण असो की भाव असो, ज्याला ती दिसते त्याने ती उघडी केली पाहिजे.

आता वसंत ऋतूला शोभेसे उदाहरण घेऊ. वैशाखात मंडई आंब्यांनी भरते. देवगड हापूस म्हणून घेतलेल्या पेटीत दुसऱ्याच मुलखाचा आंबा निघाला, तर तो वर्णनाचा भंग; कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाला आणखी एका कायद्याचे पाठबळ आहे. वरचा थर नामी आणि खालचा सुमार, तर तो नमुन्याचा भंग. नारदानेही त्याला दंड केला असता. वरवर डागी दिसणारा आंबा आपण निवडून घेतला, तर दोष आपल्या डोळ्यांचा. पण हापूसमध्ये ‘साका’ निघतो. बाहेरून फळ देखणे, वास घमघमीत; कापल्यावर आत पांढरट, आंबट, पोकळ गर. तो घेणाऱ्याला दिसत नाही आणि विकणाऱ्यालाही दिसत नाही. येथे तोटा कोणी सोसावा? कायदा म्हणतो, माल खपण्याजोगा असल्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. त्याला दोष ठाऊक नव्हता हे उत्तर पुरेसे नाही. इंग्लंडात १९०५ साली विषमज्वराचे जंतू असलेले दूध विकणाऱ्या डेअरीने हीच सबब सांगितली होती. न्यायालयाने ती मानली नाही. आमच्या मंडईतला जुना आंबेवाला हा निकाल न वाचताच नेहमीच्या गिऱ्हाइकाला साका निघालेल्या आंब्याबद्दल दुसरा आंबा देतो. त्यात धंद्याची हुशारी आहे. पण न्यायही आहे.

डोळा जेथे संपतो ती जागा गेल्या शंभर वर्षांत फार अलीकडे सरकली आहे. भेंडी मोडून पाहता येते. बंद डब्यातले तेल, पुडीतले तिखट, बाटलीतले औषध मोडून पाहता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टराने दुकानातून लोकरीचे अंतर्वस्त्र घेतले. त्यात राहिलेल्या रसायनाने त्याच्या अंगावर भयंकर फोड उठले. हा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला, जी त्या वेळी हिंदुस्थानचीही अखेरची न्यायसंस्था होती. १९३५ साली दुकानदार आणि कारखानदार दोघांनाही जबाबदार धरण्यात आले. कपडा अंगात घालण्यासाठी आहे हे गिऱ्हाइकाने वेगळे सांगावे लागत नाही, असे न्यायाधीशांनी मानले.

परंतु न्यायालयाची पायरी चढणे हे पावशेर भाजी घेणाऱ्याला कसे परवडावे? ही अडचण ओळखून ज्यांनी काम केले त्यांत पुणे पुढे होते, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. दुसऱ्याच वर्षी मुंबईतही ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मंडई उघडली त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे, आणि तो २०२० सालापासून अमलात आहे. बिल न देणे ही या नव्या कायद्यात अनुचित प्रथा ठरली. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथा ठरली. सदोष मालापुरते बोलायचे तर लक्ष्मी रस्त्यावरची ती पाटी आता कायद्याच्या विरुद्ध उभी आहे. याज्ञवल्क्याच्या दहा दिवसांचे तीस झाले, एवढेच.

तेव्हा ‘कॅव्हिएट एम्प्टॉर’ हे सूत्र निकालात काढावे काय? आमचे मत तसे नाही. नुसत्या कायद्याच्या भरवशावर डोळे मिटून खरेदी करणाऱ्याला कोणताही कायदा वाचवू शकत नाही. वजनाचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहणे, पुडीवरची तारीख वाचणे, बिल मागणे आणि ते जपून ठेवणे, एवढे आपलेच काम आहे. मात्र सूत्राचा अर्थ आपण बदलून घ्यावा. मघाशी सांगितलेला ‘कॅव्हेरे’चा दुसरा अर्थ येथे आठवावा. घेणाऱ्याने नुसते भिऊन असू नये. त्याने हमी घ्यावी. आणि हमी घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विचारणे.

करार कायद्यातला तो तिसरा दृष्टान्त पुन्हा पाहा. घोडा तोच, खोड तीच, विकणाऱ्याचे मौनही तेच. पहिल्या दृष्टान्तात ते मौन निर्दोष आहे आणि तिसऱ्यात ती लबाडी आहे. मध्ये घडले काय? घेणारा एक वाक्य बोलला. त्या एका वाक्याने कायद्याचा तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. मंडईत आपल्या आया-आज्या कलिंगड हातात घेऊन, "गोड निघेल ना हो?" असे विचारत आल्या आहेत. आपण त्याला सवय समजतो, फार तर घासाघीस समजतो. पण त्या प्रश्नाने गिऱ्हाईक विकणाऱ्याला सांगत असते की, मी माझ्या डोळ्यांवर नव्हे, तुमच्या जाणतेपणावर विसंबून हे घेत आहे. सोळावे कलम याहून निराळे काय मागते? आणि विकणारा जेव्हा, "कापून देतो, लाल निघाले तरच पैसे द्या," म्हणतो आणि कलिंगडाला चौकोनी खाच पाडून तांबडा तुकडा सुरीच्या टोकावर समोर धरतो, तेव्हा तोही रोमच्या एडाइलांचा, काटोचा आणि नारदाचा नियम पाळत असतो.

घेणाऱ्याने विचारावे आणि देणाऱ्याने खरे सांगावे. मंडईच्या गाळ्यावर हा कायदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लॅटिन न येणाऱ्या माणसांनी तो सांभाळला. आता तो आपण बंद पुड्यांच्या आणि मोठ्या दुकानांच्या बाजारातही, संकोच न करता, मोठ्याने विचारून चालवायचा आहे.